पन्नासाव्या माणसाची धास्ती

वाचकाचा प्रश्न

न्यू जर्सीतल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या आणि त्यांचे यजमान लहान मुलांची तीन डे-केअर सेंटर्स चालवतात. सध्या ३८ जण फुलटाइम आहेत आणि १७ पार्टटाइम. कर्मचाऱ्यांना आरोग्य विमा आजवर दिलेला नाही. येत्या सप्टेंबरमध्ये चौथं सेंटर सुरू करायचा बेत आहे, त्यासाठी आणखी आठ फुलटाइम माणसं लागतील. त्यांचा हिशेब बघणाऱ्या सीपीएंनी बजावलंय की पन्नासचा आकडा ओलांडला की ओबामाकेअरची, म्हणजे २०१० च्या आरोग्य विमा कायद्याची, सक्ती येते, मग विमा द्या नाहीतर दंड भरा. त्यांनी दोन वाटा सुचवल्या आहेत. एक, बारा जणींचे तास आठवड्याला ३४ वरून २८ वर आणायचे. दुसरी, चौथं सेंटर ताईंच्या नावावर वेगळ्या कंपनीत (एलएलसीत) टाकायचं. यजमानांना पहिली वाट पसंत आहे. त्या बारा जणींत एक सहायक शिक्षिका आहे. सात वर्षांपासून कामाला, ताशी १७ डॉलर पगार, एकटी आई, पदरात एक मुलगी. ताई लिहितात, "तिला हे तोंडावर सांगायचं माझ्याच्याने होत नाही. पण धंदा बुडवून चांगुलपणा तरी कसा करायचा? लोकांना विमा मिळावा म्हणून कायदा केला आणि त्याच कायद्यापायी आम्ही लोकांचे तास कापतोय. आम्ही चुकतोय का?"

सल्ला

ताई, चूक-बरोबर नंतर बघू. आधी मोजणी बघू, कारण तुम्ही दोघं ज्या आकड्याला घाबरला आहात तो तुमच्या समोर नीट मांडलाच गेलेला नाही असं पत्रावरून दिसतं.

कायद्याच्या दृष्टीने आठवड्याला ३० तास किंवा महिन्याला १३० तास काम करणारा माणूस फुलटाइम. पण पन्नासच्या मोजणीत फक्त फुलटाइम माणसं धरत नाहीत. पार्टटाइम लोकांचे महिन्याभराचे तास एकत्र करायचे, त्याला १२० ने भागायचं आणि येणारा आकडा फुलटाइममध्ये मिळवायचा. हा भागाकार करताना कुणाही एकाचे १२० पेक्षा जास्त तास धरायचे नाहीत. तुमच्या १७ पार्टटाइम मंडळींचे तुम्ही महिन्याला १,३२० तास लिहिले आहेत. त्याचे होतात ११. म्हणजे ३८ आणि ११ मिळून तुम्ही आजच ४९ वर उभ्या आहात.

आता बारा जणींचे तास ३४ वरून २८ वर आणून बघा. आठवड्याला २८ म्हणजे महिन्याला साधारण १२१ तास. कमाल धरायचे १२०, भागायचं १२० ने, उत्तर एक. फुलटाइम असताना ती बाई मोजणीत एक होती आणि तास कापल्यावरही एकच राहिली. बारा जणींचे तास कापून तुमचा आकडा तसूभरही खाली आला नाही.

उलट तो वर जाईल. लहान मुलांच्या सेंटरमध्ये किती मुलांमागे किती मोठी माणसं हवीत याचा नियम असतो, त्यामुळे कापलेले तास कुणीतरी भरायलाच हवेत. बारा जणींचे सहा-सहा तास म्हणजे आठवड्याला ७२, महिन्याला ३१२. त्यासाठी नवी पार्टटाइम माणसं घेतलीत की मोजणीत २.६ ची भर पडते. ४९ चे झाले ५१.६. चौथं सेंटर न उघडताच तुम्ही पन्नास ओलांडलेत, तेही पन्नास टाळायच्या नादात. सीपीएंशी बसाल तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा.

वेगळ्या एलएलसीची वाट तर त्याहून कच्ची आहे. एकाच मालकीच्या किंवा एकाच ताब्यातल्या कंपन्या पन्नासच्या मोजणीसाठी एकत्र धरल्या जातात. नवरा-बायकोची मालकी सहसा एकमेकांच्या खात्यात मोजतात. याला अपवाद आहेत, पण ते मुख्यतः एकमेकांच्या धंद्यात लक्ष न घालणाऱ्या जोडप्यांसाठी. तुम्ही दोघं तिन्ही सेंटर्स मिळून चालवता. फक्त चौथ्याच्या पाटीवर तुमचं नाव लिहून ते सेंटर वेगळं होणार नाही. ही वाट सोडून द्या.

आता यजमानांच्या बाजूने बोलते, कारण त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. तास कापल्याने पन्नासचा आकडा खाली येत नसला तरी दंड मात्र खाली येतो. दंड फक्त फुलटाइम माणसांवर लागतो आणि त्यातली पहिली ३० माणसं सोडून देतात. २०२६ साठी हा दर माणशी वर्षाला ३,३४० डॉलर आहे. चौथं सेंटर सुरू झाल्यावर तुमच्याकडे ४६ फुलटाइम असतील. त्यातून ३० वजा केले की उरले १६, आणि दंड झाला ५३,४४० डॉलर. बारा जणींना २८ तासांवर आणलंत तर फुलटाइम उरतात ३४, दंड लागतो चार जणांवर, म्हणजे १३,३६०. वर्षाला चाळीस हजारांचा फरक पडतो. डे-केअरमध्ये नफ्याचं माप किती तोकडं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. चाळीस हजार डॉलर म्हणजे एका माणसाचा वर्षाचा पगार. यजमानांना त्याची काळजी वाटत असेल तर त्यांना कठोर म्हणता येणार नाही.

पण हा दंड आपोआप लागत नाही, हेही लक्षात घ्या. तुमच्या फुलटाइम माणसांपैकी निदान एकाने मार्केटप्लेसमधून, म्हणजे या कायद्याने उभारलेल्या सरकारी विमा-बाजारातून, विमा घेतला आणि त्याला सरकारी सबसिडी मिळाली, तरच आयआरएसचं (केंद्रीय करखात्याचं) २२६-जे नावाचं पत्र येतं. मेडिकेडवर (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यावर) असलेल्या किंवा नवऱ्याच्या कंपनीचा विमा असलेल्या बाईमुळे दंड लागत नाही. ४६ जणांत एकालाही सबसिडी मिळणार नाही असं गृहीत धरणं मात्र धोक्याचं आहे.

आता तुमच्या त्या सहायक शिक्षिकेकडे येऊ. तिचं नाव मला माहीत नाही, पण तिचे आकडे तुम्ही दिलेत आणि या सगळ्या कायद्याचं खरं रूप त्या आकड्यांतच दिसतं.

आठवड्याला ३४ तास, ताशी १७ डॉलर, म्हणजे वर्षाला ३०,०५६ डॉलर. आई आणि मुलगी अशा दोघींच्या घरासाठी २०२५ ची केंद्रीय दारिद्र्यरेषा २१,१५० डॉलर होती आणि २०२६ च्या सबसिडीचा हिशेब त्याच आकड्यावर चालतो. म्हणजे ती दारिद्र्यरेषेच्या १४२ टक्क्यांवर आहे. मेडिकेडची मर्यादा आपल्या राज्यात मोठ्या माणसांसाठी १३८ टक्के आहे, ती तिने थोडक्यात ओलांडली. मुलीची मर्यादा बरीच वर असते, त्यामुळे मुलगी न्यू जर्सी फॅमिलीकेअर या राज्याच्या सरकारी विम्यात बसेल. आईला मार्केटप्लेसमध्ये जावं लागेल. २०२१ पासून २०२५ अखेरपर्यंत वाढीव सबसिडी होती, तेव्हा तिला ठरावीक सिल्व्हर (मधल्या दर्जाचा) प्लॅन फुकट मिळू शकत होता. ती वाढीव मदत संपल्यावर केंद्राच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे तिने उत्पन्नाच्या साधारण ३.७ टक्के भरायचे, म्हणजे महिन्याला नव्वदेक डॉलर. राज्याची वेगळी मदत मिळाली तर त्याहून कमी. तिच्या उत्पन्नगटाला त्या सिल्व्हर प्लॅनवर डिडक्टिबलही, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, फार कमी लागतं.

तिचे तास २८ वर आणले तर वर्षाचे ५,३०४ डॉलर बुडतील. तिचं उत्पन्न २४,७५२ वर येईल आणि ती मेडिकेडमध्ये जाईल. विमा जवळपास फुकट होईल, पण घरभाडं फुकट होणार नाही. हजारेक डॉलरचा प्रीमियम वाचवून पाच हजारांची कमाई घालवणं हा सौदा तिने आपणहून कधीच केला नसता.

आता असं समजा की तुम्ही मन मोठं करून कंपनीचा विमा दिलात आणि तिच्या पगारातून महिन्याला २२० डॉलर कापायचं ठरवलंत. कायद्याच्या मापाने हा विमा 'परवडणारा' ठरतो, कारण २०२६ साठी ती रेषा उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांवर आहे. पण कंपनीकडून परवडणारा विमा देऊ केला गेला की मार्केटप्लेसची सबसिडी बंद होते, मग ती तो विमा घेवो वा न घेवो. म्हणजे नव्वद डॉलरच्या जागी तिला २२० भरावे लागतील आणि बहुधा डिडक्टिबलही जास्त पडेल. तुमचा चांगुलपणा तिला महागात पडला.

याच्या उलट उदाहरणही तुमच्याच सेंटरमध्ये सापडेल. पंचावन्न-साठ वर्षांची एखादी मुख्य शिक्षिका किंवा सेंटरची डायरेक्टर, नवरा स्वतःचा छोटा धंदा करणारा, दोघांची मिळून कमाई ८४,६०० डॉलरच्या वर. ही दोघांच्या घरासाठी दारिद्र्यरेषेची ४०० टक्के मर्यादा. वाढीव मदत संपल्यापासून ही रेषा एका डॉलरने ओलांडली तरी केंद्राची सबसिडी शून्य होते आणि या वयात प्रीमियम तरुणांपेक्षा कितीतरी जास्त असतो. कंपनीचा विमा या बाईसाठी मोठा आधार आहे. असा विमा देणारं दुसरं ठिकाण मिळालं तर ती तुम्हाला सोडून जाईल, आणि तिच्यावर विश्वास टाकून मुलं पाठवणारे काही पालकही तिच्यामागे जातील.

म्हणून तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेलं एक गृहीतक मला थोडं हलवायचं आहे. विमा देणं म्हणजे कर्मचाऱ्यांचं भलं आणि न देणं म्हणजे त्यांचं नुकसान, अशी सरळ विभागणी तुमच्या मनात आहे. कमी पगाराच्या धंद्यात ती खरी नाही. कुणाचं भलं कशात आहे हे त्या माणसाचं वय, घरातली माणसं आणि घरातली दुसरी कमाई यावर ठरतं. हे तुम्हाला ऑफिसात बसून कळणार नाही, विचारावं लागेल.

विचारायची पद्धत मात्र जपून ठेवा. आजाराबद्दल एक शब्द विचारायचा नाही. नाव नसलेला छोटा कागद द्या, किंवा त्याहून बरं म्हणजे विम्याच्या ब्रोकरकडून ही चौकशी करून घ्या. आज विमा कुठून मिळतो, महिन्याला किती भरता, कंपनीने विमा दिला तर पगारातून किती कापलेलं चालेल, आणि विम्याऐवजी ताशी पगार वाढला तर काय निवडाल, एवढं पुरे. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं तुम्हाला चकित करतील असा माझा अंदाज आहे. आणखी एक सांगते. मार्केटप्लेसची सबसिडी घेतली म्हणून कुणाचे तास कापणं किंवा कुणाला काढणं याला कायद्याने मनाई आहे. तुमच्या मनात तसं नसलं तरी चुकीच्या वेळी काढलेलं चुकीच्या माणसाचं नवं वेळापत्रक तसं दिसू शकतं.

तुम्ही लिहिलंत की सरकारने कायदा केला आणि त्यामुळे लोकांचे तास कापले जाताहेत. हा आरोप कायद्यावर मार्च २०१० मध्ये सही झाल्यापासून होतो आहे. मालकांवरची सक्ती आधी २०१४ ला यायची होती, ती पुढे ढकलली गेली. शंभर आणि त्याहून जास्त माणसांच्या कंपन्यांना २०१५ पासून आणि ५० ते ९९ वाल्यांना २०१६ पासून ती लागली. तेव्हा देश पार्टटाइम होईल असं भाकीत खूप जणांनी केलं होतं. काही रेस्टॉरंट आणि दुकानांत तास कापलेही गेले, आणि एका रेस्टॉरंट साखळीवर तर कर्मचाऱ्यांनी त्याबद्दल खटला भरला. पण देशाच्या एकंदर आकडेवारीत तशी मोठी लाट दिसली नाही. २०१४ मध्ये काँग्रेसच्या बजेट ऑफिसने म्हटलं की या कायद्यामुळे लोक जितके तास कमी काम करतील ते २०१७ पर्यंत २० लाख फुलटाइम नोकऱ्यांइतके भरतील. बातम्यांत ते '२० लाख नोकऱ्या गेल्या' असं फिरलं. अहवालाचं म्हणणं निराळं होतं. विमा नोकरीशी बांधलेला राहिला नाही तर काही लोक आपणहून कमी काम करतील, लवकर निवृत्त होतील, किंवा सबसिडी टिकावी म्हणून हात आखडता घेतील, असा त्याचा रोख होता. मालकाने काढून टाकणं आणि माणसाने स्वतः मोकळं होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विमा नोकरीला बांधला गेला तो तरी कसा? १९४२ मध्ये युद्धकाळात पगारवाढीवर बंधनं आली, तेव्हा माणसं खेचायला कंपन्यांनी विमा द्यायला सुरुवात केली. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या प्रीमियमवर कर्मचाऱ्याला कर लागणार नाही हे पक्कं केलं. तेव्हापासून या देशात नोकरी सोडणं म्हणजे डॉक्टर सोडणं झालं. आपल्यातले कितीतरी जण नको असलेल्या नोकरीत केवळ घरातल्या कुणाच्या तरी आजारपणामुळे टिकून राहिले. ओबामाकेअरने जुन्या आजारावरून विमा नाकारायला बंदी केली तेव्हा त्यांतल्या काहींना पहिल्यांदा स्वतःचा धंदा काढता आला.

विम्याचा खर्च शेवटी कोण भरतो यावर अर्थशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये असाच कायदा राज्यापुरता आणला होता. तिथल्या अभ्यासात दिसलं की ज्यांना नोकरीतून विमा मिळाला त्यांचा पगार जवळपास विम्याच्या खर्चाइतका कमी राहिला. म्हणजे तो खर्च बहुतांशी पगारातूनच वसूल झाला. पण ताशी १७ डॉलरवाल्या माणसाच्या बाबतीत ही सोय फारशी नसते. किमान वेतनाच्या इतक्या जवळ असलेल्या पगाराला खाली सरकायला जागाच नाही. मग खर्च दुसरीकडून बाहेर पडतो. फी वाढते, तास कापले जातात किंवा मालकाच्या खिशाला चाट बसते. तुम्ही नेमक्या या कोंडीत आहात आणि ती तुमच्या मनाच्या कमकुवतपणातून आलेली नाही.

आता काय करावं ते सांगते. सगळ्यात आधी तारीख बदला.

एखाद्या वर्षी सक्ती लागते की नाही हे आदल्या वर्षाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरतं. चौथं सेंटर सप्टेंबर २०२६ मध्ये उघडलंत तर आठ महिने ४९ आणि चार महिने ५७, सरासरी ५१ च्या वर जाते आणि २०२७ मध्ये तुम्ही कायद्याच्या कक्षेत येता. तेच सेंटर जानेवारी २०२७ मध्ये उघडलंत तर २०२६ ची सरासरी ४९ राहते, २०२७ मध्ये सक्ती नाही, आणि सक्ती लागते थेट २०२८ मध्ये. चार महिने थांबून अख्खं वर्ष मिळतं. यात कुणाचा एक तासही जात नाही आणि कायद्याची कुठलीही फट शोधावी लागत नाही. पहिल्यांदाच कक्षेत येणाऱ्याला आणखी एक सवलत आहे. १ एप्रिलपर्यंत पुरेसा विमा देऊ केला तर त्या वर्षीच्या पहिल्या तीन महिन्यांचा दंड लागत नाही. सप्टेंबरची जागा आधीच भाड्याने घेतली असेल तर चार महिन्यांचं भाडं आणि वर्षाचा दंड यांची तुलना करा. मला तरी भाडं स्वस्त वाटतं. पालकांना मात्र शाळा सुरू होतानाची जागा हवी असते, तेवढं एक नुकसान धरून चाला.

४९ हा आकडा काठावरचा आहे. एका महिन्यात दोघींनी जास्त शिफ्ट केल्या तरी तो हलतो. म्हणून या वर्षी दर महिन्याच्या शेवटी पेरोलवरून मोजणी लिहून ठेवा. तुमची कंपनी एस कॉर्पोरेशन असेल तर दोन टक्क्यांहून जास्त मालकी असलेली माणसं कर्मचारी म्हणून मोजत नाहीत. तुम्ही दोघं त्या ३८ मध्ये चुकून धरले गेला आहात का ते आधी बघा.

मिळालेल्या वर्षात विम्याचे भाव काढा. २०२५ मध्ये देशात नोकरीतून मिळणाऱ्या एका माणसाच्या विम्याचा सरासरी प्रीमियम ९,३२५ डॉलर होता. ताशी १७ डॉलरवाल्याकडून महिन्याला २२० पर्यंत घेतलेत तर तुमच्या वाट्याला माणशी ६,७०० च्या आसपास येतात. ४६ ला गुणून बघाल तर डोळे पांढरे होतील, पण ४६ जण विमा घेणार नाहीत. काही नवऱ्याच्या विम्यावर असतील, काही मेडिकेडवर, काही तरुण मुली आई-वडिलांच्या विम्यावर, कारण तो २६ व्या वर्षापर्यंत चालतो. दंड टाळायला विमा द्यावा लागतो तो निदान ९५ टक्के फुलटाइम लोकांना देऊ करण्यापुरता. तो पुरेसा आणि परवडणारा असला की किती जणांनी घेतला यावर दंड ठरत नाही. बारा जणांनी घेतला तर तुमचा खर्च सुमारे ८०,००० डॉलर, आणि तो करातून वजा होतो. ५३,४४० चा दंड करातून वजा होत नाही. हे दोन आकडे तुमच्या करदराने सारखे करून शेजारी ठेवा. वाटलं होतं तेवढं अंतर उरत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे २०२० पासून आलेली इक्रा. यात कंपनी प्लॅन घेत नाही, दर महिन्याला ठरावीक रक्कम देते आणि माणूस मार्केटप्लेसमधून स्वतःचा विमा निवडतो. तुमचा खर्च आधीच ठरलेला असतो आणि नोकरी सुटली तरी माणसाकडे प्लॅन राहतो, हे मला आवडतं. पण ती रक्कम परवडण्याच्या मापात बसली की सबसिडी याही वाटेने जाते. तुमच्या त्या शिक्षिकेचा प्रश्न इथेही उभा राहतो.

ब्रोकर तुम्हाला आणखी एक स्वस्त प्लॅन दाखवेल, ज्यात लसी आणि तपासण्या सोडून फारसं काही नसतं. त्याने मोठा दंड टळतो. मग सबसिडी घेणाऱ्या माणसापुरता वेगळा दंड उरतो, २०२६ साठी माणशी ५,०१० डॉलर. हे कायदेशीर आहे. पण हॉस्पिटलात जायची वेळ आली की त्या प्लॅनचा उपयोग नाही, आणि जी बाई तो विमा समजून घेईल तिची सबसिडीही बुडेल. अशा कागदाला तुमच्या नावाने कुणाच्या हातात विमा म्हणून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चौकशीतून असं निघालं की बहुतेकजणी सबसिडीत जास्त सुखी आहेत, तर दंड भरून टाकणं हीही एक सरळ वाट आहे. दंड भरणं म्हणजे कायदा मोडणं नव्हे. कायद्यानेच ठेवलेला तो पर्याय आहे. ५३,४४० डॉलर तुमच्या मुलांच्या संख्येने भागा आणि महिन्याची फी किती वाढवावी लागते ते बघा. पालकांना कारण सांगून केलेली वाढ पटते. त्यांनाही वर्षाआड बदलणारी शिक्षिका नको असते.

या सगळ्यात तास कापायची वाट मी सगळ्यात शेवटी ठेवते. दंडातले चाळीस हजार वाचतील, पण ७२ तास भरायला नवी माणसं शोधणं, त्यांची पार्श्वभूमी तपासणी, शिकवणं, आणि उत्पन्न कमी झाल्याने निघून जाणाऱ्या जुन्या बायका, हा खर्च सीपीएंच्या कागदावर आलेला नाही. तीन वर्षांच्या पोराला दुपारी दोन वाजता वेगळी बाई दिसली की ते रडतं, त्याचाही नाही.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडं. २५ पेक्षा कमी माणसं असतील आणि पगार बेताचे असतील तर राज्याच्या छोट्या धंद्यांसाठीच्या मार्केटमधून विमा घेतल्यास दोन वर्षांपर्यंत प्रीमियमच्या निम्म्यापर्यंत कर-सवलत मिळू शकते. त्याची चौकशी करा, बरेच जण करतच नाहीत. तुम्ही मालक नसून कर्मचारी असाल आणि तास अचानक ३० च्या खाली आणले गेले तर मोठ्या कंपनीत लगेच विमा जातोच असं नाही. पुष्कळ कंपन्या मागच्या काही महिन्यांच्या सरासरीवर फुलटाइम ठरवतात आणि तो दर्जा पुढचे काही महिने टिकतो. एचआरला हा नियम लेखी विचारा. विमा गेलाच तर मार्केटप्लेसमध्ये शिरायला ६० दिवसांची मुदत असते, ती चुकवू नका. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२७ पासून मेडिकेडवरच्या बऱ्याच मोठ्या माणसांना महिन्याला ८० तास काम किंवा तेवढ्या कामाच्या केंद्रीय किमान वेतनाइतकी कमाई दाखवावी लागणार आहे. लहान मुलांच्या आईबापांना आणि आणखी काही जणांना सूट आहे, सगळ्यांना नाही. ताई, तुमच्या पार्टटाइम बायकांचे तास सरासरी ७८ च्या आसपास पडतात. कमाईच्या मापात त्या बसतील, पण ते सिद्ध करायला त्यांना दर महिन्याची स्वच्छ पे-स्टब लागेल. ती वेळेवर देणं तुमच्या हातात आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

त्या शिक्षिकेशी या आठवड्यात बोला. तास कापणार नाही हे आधी सांगा, मग विम्याची चौकशी चालू आहे हे सांगा, आणि मार्केटप्लेसमध्ये आज ती नेमकं किती भरते ते ती आपणहून सांगणार असेल तर ऐकून घ्या. यजमानांना त्या वेळी सोबत बसवा.